भिंगरीला उरलेली चार वर्षं

लॉन्ड्रीत त्याला सगळे दशांश म्हणायचे. खरं नाव फक्त पगारपत्रकावर होतं आणि पगारपत्रकही तोच लिहायचा. बेरजेत दोन पैशांचा फरक आला तर हा माणूस डबा न उघडता अख्खी दुपार काढायचा, आणि फरक सापडला की गार झालेली भाजी अशा मिटक्या मारत खायचा की बघणाऱ्याला वाटावं, आज घरून काहीतरी खास आलंय. हिशोबात असा वाघ. बाकी सगळीकडे नुसता घाबरट. कुत्र्याला घाबरायचा, लिफ्टला घाबरायचा, मालक नुसते खोकले तरी खुर्चीतून अर्धा उठायचा. गेल्या उन्हाळ्यात डोक्यावरचा पंखा जरा कुरकुरला, तर यानं टेबल ओढत दारापाशी नेलं आणि पंधरा दिवस येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायात बसून खतावणी लिहिली.

बायको याच्या बरोबर उलटी. तीही याच लॉन्ड्रीत, खालच्या हॉलमध्ये, भिंगरीवर. भिंगरी म्हणजे कपड्यांतलं पाणी पिळून काढायचं मोठं यंत्र. बाहेरून पत्र्याचं कवच, आत माणूस उकिडवा बसेल एवढं स्टीलचं जाळीदार पिंप. धुतलेल्या ओल्या चादरी पिंपात भरायच्या, झाकण लावायचं, बटण दाबायचं, की पिंप मिनिटाला सातशे फेरे घेतं आणि पाणी जाळीतून बाहेर फेकलं जातं. यंत्र आलं त्या दिवसापासून, म्हणजे सहा वर्षं, ती त्याच्यापुढे उभी होती. हॉलमधल्या बायका तिला ताई म्हणायच्या आणि भिंगरीला ताईंची सवत.

रोज सकाळी नवराबायको बरोबर निघायचे आणि रोज कोपऱ्यापर्यंत गेलं की याला एकच शंका यायची. गॅस बंद केला का? मग हा परत फिरायचा, तीन जिने चढायचा, कुलूप काढायचा, गॅसचं बटण हातानं चाचपायचा, कुलूप लावायचा, पुन्हा काढायचा. असं तीनदा. ती कोपऱ्यावर उभी राहून बोटांवर फेऱ्या मोजायची.

"झालं समाधान?" त्या दिवशीही तिनं विचारलं. "की आज गॅसच्या गळ्यात पडून रडून आलात?"

"हसू नकोस गं. एक दिवस राहिला ना चालू, तर कळेल."

"बावीस वर्षांत नाही राहिला. अहो, तुमच्यापेक्षा आमची भिंगरी परवडली. सहा वर्षांत काही मागितलं नाही बिचारीनं. आताशा तेवढा चहा मागते."

"चहा?"

"कवचाच्या कडेवर मी माझा पेला ठेवते ना, पूर्वी जागचा हलायचा नाही. आता भिंगरी फिरायला लागली की सरकत सरकत निघतो टोकाकडे. मी म्हणते, घे बाई, घे तूही एक घोट."

आणि हा हसला. पंख्याच्या कुरकुरीला घाबरणारा माणूस, पण हे ऐकून चक्क हसला.

साडेदहाला मालकांनी त्याला आत बोलावलं. लॉन्ड्रीत निम्मा हिस्सा घ्यायला एक बाई तयार झाल्या होत्या. त्यांच्या स्वतःच्या दोन लॉन्ड्र्या होत्या, त्यामुळे त्यांना गंडवणं सोपं नव्हतं. दुपारी दोनला त्या येणार होत्या.

"सगळ्यात महागडं यंत्र भिंगरी," मालक म्हणाले. "तिचा घसारा तीन पद्धतींनी काढून ठेवा, असं त्यांचं म्हणणं. आजच्या घडीला तिची किंमत किती हे त्यांना तिन्हीकडून बघायचंय. हौस! काढा तुम्ही."

घसारा म्हणजे तरी काय? यंत्र वापरून झिजतं, म्हणून त्याच्या किमतीतून दर वर्षी थोडी रक्कम वजा करत जायची. किती वजा करायची, याच्या निरनिराळ्या रीती आहेत, आणि दशांशच्या दृष्टीनं यापेक्षा गोड काम दुसरं नव्हतं. त्यानं तीन कोरे कागद घेतले, पेन्सिलीला टोक केलं आणि बाह्या वर सारल्या.

पहिली पद्धत सरळ. भिंगरी अकरा लाखांना आलेली. दहा वर्षांनी भंगारात एक लाख येतील असं धरलेलं. उरले दहा लाख, भागिले दहा वर्षं, म्हणजे वर्षाला एक लाख. सहा वर्षांचे सहा लाख गेले, आजची किंमत पाच लाख. गेली सहा वर्षं हा हेच करत आला होता. यंत्रांच्या रजिस्टरात दर वर्षी एक लाख लिहायचा आणि पुढे नुसती शून्यं. त्याला ती शून्यं फार आवडायची.

दुसरी पद्धत घटत्या शिल्लकेची. दर वर्षी जी किंमत उरेल तिच्या वीस टक्के वजा. पहिल्या वर्षी दोन लाख वीस हजार, दुसऱ्या वर्षी त्याहून कमी, असं करत करत सहाव्या वर्षाअखेर दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार तीनशे अठ्ठावन्न पूर्णांक चार. दशांशचिन्ह आलेलं बघून तो खूश झाला. त्यानं आकड्याखाली पट्टीनं दोन रेघा मारल्या.

तिसरी पद्धत त्यानं कधीच वापरली नव्हती. त्यात वर्षं मोजायची नाहीत, यंत्र प्रत्यक्ष किती तास चाललं ते मोजायचं. त्यासाठी त्यानं भिंगरीची जुनी फाइल काढली. बिलाच्या पाठीमागे यंत्र बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपुस्तक होतं, आणि त्यातल्या एका पानावर त्याचीच सहा वर्षांपूर्वीची पेन्सिल: वीस हजार तास, भागिले वर्षाला दोन हजार, बरोबर दहा वर्षं. पहिल्या पद्धतीतली ती दहा वर्षं इथून आली होती तर. तेव्हा एकच शिफ्ट चालायची. दहा लाख भागिले वीस हजार तास, म्हणजे तासाला पन्नास. झकास, इथंही शून्य.

मग लॉगबुकं. भिंगरी कधी सुरू झाली, कधी थांबली, हे तिच्यावर काम करणारीनं वहीत लिहायचं असतं. पहिल्या दोन वर्षांच्या वह्या पूर्ण बायकोच्या अक्षरात होत्या. पुढे हॉस्पिटलांचं काम आलं, दुसरी शिफ्ट सुरू झाली, तेव्हापासून निम्मं तिचं आणि निम्मं दुसऱ्या बाईचं. महिन्याची बेरीज पानाच्या तळाशी असायची. बायको अधूनमधून शेरेही मारायची. 'आज पाणी दोन तास नव्हतं.' 'झाकणाचं रबर बदललं.' साडेतीन महिन्यांपूर्वीच्या एका पानावर तर तिनं चक्क लिहिलं होतं, 'पोहण्याच्या तलावाचे निळे टॉवेल आजपासून बंद. निळी लव काढून काढून जीव गेला. सुटले एकदाची.' त्या गिऱ्हाइकाचं शेवटचं बिल यानंच केलं होतं. त्याला हसू आलं.

पहिली दोन वर्षं चार हजार तास. पुढची चार वर्षं सतरा हजार चारशे साठ. एकूण एकवीस हजार चारशे साठ.

त्यानं पन्नासनं गुणलं, अकरा लाखांतून वजा केलं, उत्तर आलं सत्तावीस हजार. काहीतरी चुकलं. यंत्र भंगारात घातलं तरी एक लाख येतात, मग किंमत त्याच्याही खाली कशी जाईल? त्यानं पुन्हा बेरीज केली, वरून खाली आणि मग खालून वर. तीच आली. मग कुठं त्याची नजर गुणाकारावरून उठून त्या तासांवर गेली. वीस हजारांच्या पुढे गेले होते तास, एक हजार चारशे साठनं. हल्लीच्या वेगानं चार महिने.

माहितीपुस्तकातलं ते पान त्यानं पुन्हा उघडलं. पेन्सिलीच्या भागाकाराच्या बरोबर वर छापलं होतं, 'वीस हजार तासांनंतर पिंप बदलणे बंधनकारक. न बदलल्यास पूर्ण वेगात असताना पिंप फाटून तुकडे कवचाबाहेर येऊ शकतात.' सहा वर्षांपूर्वी यानं हे वाक्य वाचलं होतं. त्यातला आकडा तेवढा उचलून घेतला होता.

खालून, फरशीतून, भिंगरीची घरघर येत होती. तिथं बायको उभी होती, पोटाच्या उंचीवर कवच, हाताच्या अंतरावर पिंप, पिंपात दीड मण ओल्या चादरी.

तो जिना उतरला कसा हे त्याचं त्यालाच कळलं नाही. हॉलमध्ये मेकॅनिक जमिनीवर बसून ड्रायरचा पट्टा बसवत होता.

"भिंगरीचं पिंप कधी बदलायचं रे?"

"चार वर्षांनी."

"कुणी सांगितलं तुला?"

मेकॅनिकनं हातातला पानाच भिंगरीकडे केला. कवचावर पांढऱ्या रंगात ठसठशीत महिना आणि साल लिहिलेलं होतं, आणखी चार वर्षांनंतरचं. "ते काय. मीच रंगवलंय. तुमच्या रजिस्टरातून घेतलं. मालकांचा नियमच आहे ना तो! रजिस्टरात यंत्राची वर्षं संपत नाहीत तोवर नवा पार्ट मागायचा नाही. आता तुम्हीच विचारायला लागलात तर झालंच की हो!"

"अरे, ती वर्षं एका शिफ्टच्या हिशोबानं होती."

"मग शिफ्ट वाढली तेव्हा आकडा बदलायचा," मेकॅनिक म्हणाला आणि पुन्हा पट्ट्याकडे वळला.

एवढं साधं होतं. बदलायचा. चार वर्षं दर वर्षअखेरीला हा ते रजिस्टर उघडत होता, एक लाख लिहीत होता, शून्यांवरून प्रेमानं नजर फिरवत होता आणि मिटत होता. घसारा म्हणजे कागदावरची गोष्ट, असं याला वाटायचं. खालच्या मजल्यावर त्या आकड्यावर विसंबून बायका उभ्या राहत होत्या.

बायकोनं त्याला लांबूनच पाहिलं. घरघरीतून ओरडून बोलावं लागायचं. "काय हो? पेन्सिल हरवली?"

"तू जरा बाजूला ये. हिची मुदत संपलीय. चार महिन्यांपूर्वीच संपलीय!"

"काय संपलंय?"

"मुदत! पिंप फाटेल!"

तिनं कवचावरच्या पांढऱ्या आकड्यावर थोपटल्यासारखा हात मारला. "अजून चार वर्षं आहेत की! तुम्हीच तर लिहिलंय. जा, वर जाऊन पाणी प्या. चेहरा बघा कसा झालाय." शेजारी चादरी उलगडणाऱ्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. दशांश घाबरले, यात कुणालाच नवीन काही वाटलं नाही. रोज लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्याची जी गत होते, ती याची झाली होती, आणि तीही त्याच्या स्वतःच्याच कर्मानं.

मालकांपुढे त्यानं तिन्ही कागद ठेवले.

"भिंगरी थांबवायला हवी, मालक. आत्ता."

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "दोनला बाई येणार, त्यांना मी बंद पडलेली लॉन्ड्री दाखवू?" त्यांनी पहिला कागद उचलला, पाच लाख पाहून मान डोलावली. दुसरा उचलला, ओठ मुडपले. तिसरा बराच वेळ धरून बसले. "हा फायलीत घालू नका."

"त्यांनी तिन्ही मागितलेत."

"मागू देत. सांगू, लॉगबुकं पूर्ण नाहीत म्हणून. आणि त्या पुस्तकाचं काय घेऊन बसलात? ती कंपनी पिंपं विकते, दशांश. ती म्हणणारच बदला. आठवड्याभरात सही होईल, पैसे हातात आले की पहिलं काम नवं पिंप. शब्द देतो."

"आठवडाभर... माझी बायको तिथं उभी असते, मालक."

"माहीत आहे. माझ्याही डोळ्यासमोरच असतात त्या." मालकांचा आवाज जरा खाली आला. तसा माणूस वाईट नव्हता. "गेल्या उन्हाळ्यात पंखा पडणार म्हणून तुम्ही जीव खाल्लात. पडला का?"

पंखा पडला नव्हता.

"बरं, मालक," तो म्हणाला.

बरं मालक! सांगताना आजही तळपायाची आग मस्तकात जाते. बायकोच्या जिवाची गोष्ट आणि हा म्हणतो बरं! पण भित्र्या माणसाची भीती एकच नसते, दहा असतात, आणि ऐन वेळी जवळची भीती लांबच्या भीतीला गप्प करते. मालक समोर बसले होते. पिंप एक मजला खाली होतं.

तो जागेवर येऊन बसला. तिसरा कागद त्यानं खणात टाकला आणि खण लावून घेतला. एक वीस झाले होते. बायकोची शिफ्ट तीनला संपायची. पाऊण तासाला एक भरणी, म्हणजे तिच्या वाट्याला अजून दोन. दोनच तर आहेत, असं त्यानं मनाशी म्हटलं. मग उद्याच्या आठ, परवाच्या आठ. आठवड्याचा गुणाकार मनात आपोआप व्हायला लागला.

पाणी प्यावं म्हणून त्यानं पेला भरून टेबलावर ठेवला. खाली नवी भरणी सुरू झाली. घरघर वाढत गेली आणि पेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वलयं उठायला लागली. हा बघत बसला. पेला केसभर सरकला. पुन्हा केसभर.

आताशा तेवढा चहा मागते.

सकाळी ती हेच सांगत होती. पूर्वी हलायचा नाही, आताशा सरकतो. पिंपाचा तोल गेला होता, म्हणजे आत काहीतरी सुटत होतं, आणि हे त्याच्या बायकोनं त्याला स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं. त्यावर तो हसला होता.

मग मात्र तो उठला. खुर्ची मागे पडली ती त्यानं उचलली नाही, आणि खुर्ची अशी पडलेली टाकून हा माणूस आयुष्यात प्रथमच कुठे निघाला असेल. तो जिन्यानं खाली धावला. भीती कमी झाली होती असं समजू नका. इतका तो आयुष्यात कधीच घाबरला नव्हता. हॉलच्या दाराशी भिंतीवर लाल बटण होतं. त्याच्यावर त्यानं तळहात आपटला.

भिंगरीचा आवाज बदलला. तिची वीज तुटली होती, पण सातशेच्या वेगातलं पिंप काही लगेच थांबत नाही. आपोआप थांबायला अकरा मिनिटं लागतात. लवकर थांबवायचं तर पायाशी ब्रेकचा दांडा असतो, तो पायानं दाबून धरून यंत्रापाशी उभं राहावं लागतं. आणि थांबता थांबता मधल्या एका वेगाला पिंप सगळ्यात जास्त हादरतं, हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं.

"बाहेर!" दशांश ओरडला. "सगळ्या बाहेर व्हा! सगळ्या!"

त्याचा ओरडण्याचा आवाज कसा असतो हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं. तो फाटका, चिरका आवाज ऐकून मेकॅनिक पाना टाकून उठला आणि बायका चादरी तशाच सोडून मागच्या दाराकडे निघाल्या. हसत कुणीच नव्हतं.

ती तेवढी जागची हलली नाही. तिचा पाय ब्रेकवर होता.

"काय केलंत हे? भरणी मोडली ना! थांबा, मी आधी हिला थांबवते."

"सोड तो पाय."

"ब्रेक नाही धरला तर हादरून हादरून—"

"हादरू दे. फुटू दे. तू चल."

त्यानं तिचं मनगट धरलं. बावीस वर्षांच्या संसारात चार माणसांत त्यानं तिच्या हाताला हात लावला नव्हता. तिनं एकदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिचा पाय आपसूक सुटला. तिला ओढत तो दाराबाहेर आला आणि जाड भिंतीच्या आड, गाड्या लागतात त्या उतारावर, तिला जवळजवळ ढकललंच.

अकरा मिनिटं म्हणजे किती असतात हे त्या दिवशी कळलं त्याला. उन्हात सगळे भिंतीला पाठ लावून उभे होते. आधी नुसती घरघर होती. मग ती उतरत उतरत धडधडीवर आली, आणि एकदम कुणीतरी आतून दार ठोठावतंय तसे दणके सुरू झाले. पत्रा खणखणला. पाठीमागची भिंत हलताना पाठीला कळत होती. दशांशनं डोळे मिटून घेतले होते आणि बायकोचं मनगट सोडलं नव्हतं. आत काहीतरी खळ्ळकन पडलं. तो तिचा चहाचा पेला होता.

मग दणके विरळ झाले, आणि थांबले. काहीच झालं नव्हतं.

एक बाई खुदकन हसली. तेवढ्यात उतारावर एक मोटार लागली, त्यातून हिस्सा घेणाऱ्या बाई उतरल्या, आणि त्याच वेळी मालक मागच्या दारातून लालबुंद होऊन बाहेर आले.

"हे काय चाललंय? कुणी थांबवली? दशांश, तुमचं डोकं फिरलंय! उद्यापासून येऊ नका! आजच हिशोब करून—"

"हिशोब केलाय, मालक," तो म्हणाला. "खणात आहे. तिसरा कागद." मग तो मेकॅनिककडे वळला. "बॅटरी लावून तळाशी बघ. एकदाच बघ. काही नसलं तर मी आपण होऊन जातो."

मेकॅनिकनं मालकांकडे पाहिलं. मालकांनी त्या बाईंकडे. "बघा की," बाई म्हणाल्या, "बघायला काय हरकत आहे?"

ओल्या चादरी काढल्या. मेकॅनिक कमरेपर्यंत पिंपात वाकला. तळाच्या सांध्यावर सहा वर्षांची लव घट्ट बसली होती, ती त्यानं नखानं खरवडली. मग त्यानं आतूनच हात बाहेर काढून विचारलं, "टाचणी आहे का कुणाकडे?"

ताईंनी पदराची काढून दिली.

भेग वीतभर लांब होती. ती लवीनं भरली होती म्हणून वरून दिसत नव्हती. मेकॅनिक टाचणीनं लव उकरत गेला आणि तळहातावर ठेवत गेला. वरची पांढरी होती, हॉस्पिटलच्या चादरींची. तिच्याखालची करडी. आणि अगदी खालून, भेगेच्या तळातून निघाली ती निळी.

"निळी?" बायको म्हणाली. "निळं काही येतच नाही आता आपल्याकडे."

"साडेतीन महिने झाले," दशांश म्हणाला. "शेवटचं बिल मी केलंय."

निळी लव त्या भेगेत गेली, म्हणजे निळे टॉवेल येत होते तेव्हाच भेग उघडी होती. साडेतीन महिने. दिवसाच्या आठ भरण्या. ती रोज तिथं पोट टेकवून उभी होती, चहा पीत होती, थट्टा करत होती. मालक खाली मान घालून हॉलबाहेर गेले. हिस्सा घेणाऱ्या बाईंनी शांतपणे विचारलं, "तो तिसरा कागद मला मिळेल का?" दशांशनं नुसतीच मान डोलावली. तो ओल्या फरशीवर मटकन बसला.

बायको त्याच्याशेजारी येऊन बसली. तिनं थट्टा केली नाही. ती मेकॅनिकच्या तळहाताकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी लॉन्ड्रीत भिंगरी उघडून ठेवायची होती आणि बाईंनी दोघांनाही नऊला बोलावलं होतं. ज्याला उद्यापासून येऊ नका म्हटलं होतं, त्याच्याकडून त्यांना सगळ्याच यंत्रांचे तास मोजून हवे होते. दोघं नेहमीच्या वेळेला निघाले. त्या दिवशी का कुणास ठाऊक, याला गॅसची आठवणच झाली नाही. कोपरा आला, कोपरा मागे पडला, हा आपला चालतोय.

"अहो," ती मागे थांबली होती. "गॅस बंद केलात?"

"केला की."

"नक्की?"

"अगं, मी स्वतः केला."

"बघून या ना एकदा."

त्याला वाटलं, चेष्टा करतेय. त्यानं वळून पाहिलं. ती कोपऱ्यावर पिशवी छातीशी धरून उभी होती आणि मागे घराकडे बघत होती. बावीस वर्षं त्याला वाटत आलं होतं, हिनं जरा घाबरावं, थोडं तरी घाबरावं. आता ती घाबरली होती आणि त्याला ते बघवेना.

"चल," तो म्हणाला, "दोघं जाऊन बघू."

तीन जिने चढून त्यानं कुलूप काढलं. गॅस बंद होता. तिनं बटणाला हात लावून पाहिलं. बाहेर येऊन त्यानं कुलूप लावलं, आणि काहीतरी गमतीचं बोलावं म्हणून बोट वर करून म्हणाला, "एक."

ती हसली नाही. कुलपाकडे बघत म्हणाली, "अजून एकदा उघडा."